स्कूटरच्या बेल्टवर तेल मारू नका

गेल्या आठवड्यात कात्रजच्या चढावर माझ्या आत्याची स्कूटर अडकली. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. मागून ट्रक हॉर्न देत होते. आत्या बासष्ट वर्षांची आहे. आदल्या दिवशी तिनं व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ बघून शेजारच्या मुलाकडून बेल्टवर, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्यावर, स्प्रे मारून घेतला होता.

तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. त्यात सांगितलंय की मागून आवाज येतोय म्हणजे बेल्ट कोरडा पडलाय. किकच्या बाजूचं कव्हर काढा, इंजिन चालू ठेवा आणि गंज काढायचा स्प्रे मारा. स्प्रे नसेल तर टाल्कम पावडर. बेल्ट बदलायला सांगणारे लुटारू आहेत, तुटेपर्यंत वापरा.

बेल्ट कोरडाच असावा लागतो! तो सायकलची चेन नाही. त्याच्या दोन्ही तिरप्या कडा पुलीला, म्हणजे तो ज्या चाकतीवर फिरतो तिला, घट्ट धरतात आणि त्या घर्षणावरच चाक फिरतं. तेल लागलं की पकड गेली. आवाज बंद होतो हे खरं, पण तो बेल्ट घसरायला लागल्यामुळे. घसरणारा बेल्ट तापतो, कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात, रबर फुगतं. आत्याचा बेल्ट मी स्वतः हातात धरला. बोटं काळी, चिकट झाली. पुसून तो परत चालण्यातला नव्हता. डेन्व्हरमध्ये १९११ साली सुरू झालेली गेट्स कंपनी शंभर वर्षांहून जास्त काळ बेल्ट बनवतेय. तीही सांगते की आवाज घालवायला बेल्टवर काही फवारू नका, कारण आवाज हे लक्षण आहे, दुखणं वेगळं असतं. आणि इंजिन चालू असताना तिथे हात नेणं? ओढणीचं टोक किंवा बोट पुलीत जायला क्षणही लागत नाही. हे ज्यानं शिकवलं त्याचा मला खरंच राग येतो.

पावडरचंही तेच. पंक्चरवाला ट्यूबला पावडर लावतो ती ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून. इथे तर चिकटूनच राहायला हवं.

मागचा प्रत्येक आवाज बेल्टचा नसतो. सिग्नलवरून निघताना 'चीं' होऊन गाडी थरथरली तर आधी क्लच शू बघा, म्हणजे इंजिनचा वेग वाढला की बाहेर सरकून चाकाला फिरवणारे पॅड. उभ्या गाडीत खडखड असेल तर पुढच्या पुलीतले छोटे रोलर झिजलेले असू शकतात. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ बहुतेक वेळा बेअरिंगची. फटफट आपटल्यासारखं वाजलं तर मात्र बेल्टच्या कडा सुटल्यात का ते लगेच बघून घ्या.

लुटीबद्दल थोडं मान्य करतो. चांगला बेल्ट बदलायला लावणारे भेटतात, मलाही भेटलेत. पावसात भिजल्यावर येणारा आवाज तर बऱ्याचदा गाडी वाळली की आपोआप जातो. पण म्हणून तुटेपर्यंत थांबायचं नाही. मेकॅनिकला जुना बेल्ट काढून दाखवायला सांगा, उलटा वाकवून आतल्या दातांमध्ये भेगा आहेत का बघा, रुंदी मोजायला लावा. किती झिजेपर्यंत चालतो, ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

आत्याच्या स्कूटरचा मूळ आवाज क्लच शूमधून येत होता. भुकटी साचली होती. साफ करून पॉलिश पेपर मारला असता तर भागलं असतं. आता तेल शूपर्यंत पोचल्यामुळे बेल्टही नवा घातला आणि शूही.