बर्फातली व्हीलचेअर: गुण कशाला द्यायचे?

बर्फ पडणाऱ्या प्रदेशांतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये हा प्रोजेक्ट पुन्हा पुन्हा निघतो: हिवाळ्यात व्हीलचेअर बाहेर नेता यावी म्हणून एखादं जोडसाधन बनवायचं. मला हा विषय मनापासून आवडतो. मात्र तो तपासताना आपण गुण भलत्याच गोष्टीला देतो, असं माझं ठाम मत झालं आहे. डेमोमध्ये खुर्ची ताज्या बर्फातून सरसर गेली की टाळ्या पडतात. खरी परीक्षा तिथे नसतेच. बर्फ सुरू होण्याआधीची आणि संपल्यानंतरची काही पावलं, तिथे ती असते.

आधी अडचण कुठे आहे ते बघू. साध्या खुर्चीत बरंचसं वजन मागच्या मोठ्या चाकांवर असतं. पुढची दोन छोटी चाकं, म्हणजे कॅस्टर, फक्त वळण्यासाठी असतात. गुळगुळीत फरशीवर ती उत्तम चालतात. भुसभुशीत बर्फात मात्र लहान व्यासामुळे ती बर्फावर चढू शकत नाहीत, रुततात. कॅस्टर अचानक अडकला की खुर्ची थांबते आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते.

यावर चांगले उपाय निघालेले आहेत. 'व्हीलब्लेड्स' ही कॅस्टरला अडकवायची छोटी स्की आहे, ती वजन पसरवते. 'फ्रीव्हील' पायटेकणीला बसतं, दोन्ही कॅस्टर जमिनीवरून उचलतं आणि पुढे एकच मोठं चाक देतं. या दुसऱ्या कल्पनेतला एक फायदा पटकन लक्षात येत नाही. पुढचा टेकू लांब गेल्यामुळे वजनाचा आणखी थोडा वाटा मागच्या चाकांवर येतो, म्हणजे पकड वाढते. किंमत एवढीच, की वळायला जागा जास्त लागते.

पण हिवाळ्यातला रस्ता म्हणजे सलग बर्फ नव्हे. दारातून निघालं की आधी कोरडी फरशी, मग तुडवून घट्ट झालेला बर्फ, मग मीठ टाकून बर्फ वितळवल्यावरचा पचपचीत लगदा, मधेच उघडं काँक्रीट, आणि शेवटी पुन्हा एखाद्या इमारतीतली ओली टाइल. स्की काँक्रीटवर घासते. लिफ्टमध्ये लांबलेली खुर्ची वळत नाही. म्हणजे साधन लावणं, काढणं आणि काढल्यावर कुठेतरी ठेवणं हे सगळं वाटेत करावं लागतं, बसल्या जागेवरून, जाड हातमोजे घालून. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या अनेकांना बोटांनी नीट चिमूट धरता येत नाही. तिथे बारीक पिन, स्प्रिंगचं बटण, विंग नट, सगळं बाद. वाकून जमिनीजवळ हात नेणंही कित्येकांना शक्य नसतं, कारण धड सावरणारे स्नायू साथ देत नाहीत. मदतनीस लागतोच असं साधन असेल, तर तो मदतनीस खुर्चीच ढकलू शकला असता!

हात हा तर वेगळाच विषय आहे. धातूची हँडरिम, म्हणजे चाक हाताने फिरवायची बाहेरची कडी, गारठते आणि ओली झाली की हातातून सुटते. चाकावरचा लगदा थेट तळव्यांत येतो. मणक्याच्या इजेनंतर इजेखालच्या भागात शरीराला तापमान नीट सांभाळता येत नाही आणि संवेदना नसेल तर हिमदंश होतोय हे कळतही नाही. इलेक्ट्रिक खुर्चीत थंडीमुळे बॅटरीची क्षमता घटते, आणि लिथियम-आयन बॅटरी ० अंश सेल्सिअसखाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियम साचून ती कायमची बिघडू शकते. यातलं काहीच डेमोच्या व्हिडिओत दिसत नाही.

आता रॅम्प. १:१२ हा चढ, म्हणजे १२ फूट अंतरात १ फूट उंची, अनेक नियमावल्यांत कमाल म्हणून मान्य आहे. समजा, ७० टक्के वजन मागच्या चाकांवर आहे. मग चढायला टायर आणि जमिनीतला घर्षणांक, म्हणजे पकड किती हे सांगणारा आकडा, किमान ०.१२ हवा. वितळबिंदूजवळच्या ओल्या, घट्ट गोठलेल्या बर्फावर रबराचा घर्षणांक ०.१ च्या खालीही जातो. म्हणजे नियमात चोख बसणारा रॅम्प त्या दिवशी चढता येत नाही, खांद्यांत कितीही ताकद असो. पुढच्या स्कीचा इथे काही उपयोग नाही, कारण ढकलणारी चाकं मागची आहेत. एवढं गणित कागदावर मांडलं असतं तर कितीतरी टीमनी आपला वेळ मागच्या टायरवर घालवला असता.

हे सगळं मुलांना कोण सांगणार? रोज खुर्ची वापरणारी व्यक्ती. टीममधला धडधाकट मुलगा खुर्चीत बसून चाचणी देतो तेव्हा तो नकळत पोट, कंबर, पाय सगळं वापरतो. त्या चाचणीचे आकडे फसवे असतात. १९९३ साली अमेरिकेत २२७ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की २९.३ टक्के सहाय्यक साधनं लोकांनी वापरणं सोडून दिलं होतं, आणि साधन निवडताना वापरणाऱ्याचं मत विचारात न घेणं हे त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी एक होतं. म्हणून माझं म्हणणं आहे की निम्मे गुण व्हीलचेअर वापरणाऱ्या परीक्षकाच्या हातात द्या आणि त्या व्यक्तीला पहिल्या आठवड्यापासून मानधन देऊन टीममध्ये घ्या. फुकट 'फीडबॅक' मागत फिरू नका, तोही कौशल्याचा वेळ आहे.

काही जण म्हणतात, फुटपाथ साफ केले की साधनांची गरजच संपेल. फुटपाथ साफ व्हायलाच हवेत, त्यात दुमत नाही. रस्ता मोकळा करणारी बर्फ लोटायची गाडी सगळा बर्फ नेमका फुटपाथवर चढायच्या उतारावर लोटते, हे तर संतापजनक आहे. पण सफाई होईपर्यंत त्या माणसाला कामावर जायचं असतं, डॉक्टरांकडे जायचं असतं.

सध्या कोणी टीम यावर काम करत असेल तर जरूर लिहा. स्केच नंतर पाठवा. आधी मला एक न कापलेला व्हिडिओ पाठवा: हातमोजे घातलेली व्यक्ती खुर्चीत बसूनच साधन लावते, दाराबाहेर जाते, परत येते, काढते. कुठे हात अडकतो ते त्यात दिसेल, आणि तिथूनच डिझाइन सुरू करू. क्लॅम्पची रचना, मिठाच्या पाण्यात टिकणारी बेअरिंग, वजनाची विभागणी, या सगळ्यासाठी मी वेळ द्यायला तयार आहे.