पेटीतल्या मुलाचं नाव कळलं, खुनी नाही

बर्डीच्या दुकानदारांपासून मानेवाड्याच्या सोसायट्यांपर्यंत, नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत पेटीत सापडलेल्या अनोळखी मुलाचा खून पोलिसांनी ६५ वर्षांनी डीएनएवरून उलगडला आणि खुनी शोधला. आपल्याकडे तर आधार आहे, मेलेल्या मुलाचं बोट मशीनवर ठेवलं की मिनिटात नाव येईल. पण पोलिसांना करायचंच नसतं, तीन दिवसांत जाळून मोकळे होतात. आणि ज्या मुलाची हरवल्याची तक्रारच नाही, त्याचे आईबापच खुनी, त्यात शोधायचं काय?

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. एखादं लेकरू मारलं जातं आणि त्याला नावानं हाक मारायलाही कुणी नसतं, याचा संताप यायलाच हवा. पण एक मुद्दा सोडला तर या मेसेजमधलं बाकी सगळं चुकीचं आहे, आणि त्यामुळे आपण पोलिसांकडे नको ती मागणी करतोय आणि हवी ती करतच नाही.

आधी पेटीतल्या मुलाचं, म्हणजे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं प्रकरण बघू. २५ फेब्रुवारी १९५७ ला तिथल्या फॉक्स चेस भागात, रस्त्याकडेच्या झुडपांत, पुठ्ठ्याच्या पेटीत त्या मुलाचा मृतदेह सापडला. अंगावर कपडा नाही, नुसता चौकड्याच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. उपासमारीनं वाळलेलं शरीर, त्यावर माराच्या खुणा. केस नुकतेच, वेडेवाकडे कापलेले, आणि कापलेल्या केसांचे पुंजके अंगाला तसेच चिकटलेले. म्हणजे मरणाच्या जरा आधी किंवा लगेच नंतर कुणीतरी त्याच्या डोक्यावर कात्री चालवली होती. ओळख पटू नये म्हणून असेल, असा तर्क तेव्हापासून केला जातो. पेटी बाळाच्या पाळण्याची होती आणि ती कोणत्या दुकानातून विकली गेली इथपर्यंत पोलीस पोहोचले. चार लाख पत्रकं छापली, गॅसच्या बिलांसोबत घरोघर पाठवली. तरी नाव मिळालं नाही.

८ डिसेंबर २०२२ ला पोलिसांनी जाहीर केलं ते एवढंच: मुलाचं नाव जोसेफ ऑगस्टस झरेली, जन्म १३ जानेवारी १९५३. म्हणजे सापडला तेव्हा तो चार वर्षांचा होता. आईवडील हयात नाहीत, आमचा काही संशय आहे पण कुणाचं नाव घेणार नाही, खुनाचा तपास सुरू आहे, असं पोलिसांनीच सांगितलं. अटक कुणालाही नाही. मेसेजमधला ‘खुनी सापडला’ हा भाग शुद्ध बनाव आहे.

आता डीएनए. मेसेज वाचून वाटतं की नमुना यंत्रात घातला आणि नाव छापून बाहेर आलं. प्रत्यक्षात १९९८ मध्ये थडगं उकरून दातातून डीएनए काढला, तो फक्त आईकडच्या वंशाचा मिळाला आणि त्यावरून काही हाती लागलं नाही. २०१९ मध्ये पुन्हा उकरलं. नमुना इतका खराब झालेला होता की तो वापरण्याजोगा करायलाच जवळपास अडीच वर्षं गेली. मग हौसेनं आपली वंशावळ शोधणाऱ्या लोकांनी स्वतःहून ज्या साठ्यांत आपले नमुने दिले होते, तिथे लांबचे नातेवाईक सापडले. त्यांच्या वंशावळी जुळवत आईच्या घराण्यापर्यंत गेले, न्यायालयाचा आदेश घेऊन जन्मनोंदी काढल्या, आणि शेवटी नाव दिलं ते त्या जन्मनोंदीच्या कागदानं.

आपल्या पोलिसांना शोधता येईल असा वंशावळीचा साठा भारतात नाहीच. डीएनए साठ्यांसाठी २०१९ मध्ये लोकसभेत आणलेलं विधेयक सरकारनं २०२३ मध्ये मागे घेतलं. नागपुरात न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, पण तिथे मुलाचा डीएनए ताडून बघायला आईचं किंवा बापाचं रक्त लागतं. ती आई मिळणार कशी? तिनं कुठेतरी तक्रार दिली असेल आणि ती तक्रार इथल्या मृतदेहाशी कुणी जुळवून पाहिली असेल, तरच. नागपूर तर चारही दिशांच्या गाड्यांचं जंक्शन. मूल इथे सापडेल आणि तक्रार इटारसीच्या किंवा गोंदियाच्या ठाण्यात पडून राहील. खरी गाठ इथे अडते.

म्हणून १० मे २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश प्रत्येकाला तोंडपाठ हवा. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि ते पळवलं गेलं असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. ‘चोवीस तास वाट बघा, येईल घरी’ असं सांगायचा अधिकार कोणत्याही ठाण्याला नाही. ‘आमची हद्द नाही’ हेही चालत नाही. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवता येतो.

आधारचा दावा नागपूरकरांना पटकन पटतो, आणि त्याला कारण आहे. नागपूर स्टेशनवर सापडलेला, स्वतःचं नावही सांगू न शकणारा एक मुलगा इथल्या एका कुटुंबानं वाढवला. शाळेसाठी त्याचं आधार काढायला गेले तर अर्ज पुन्हा पुन्हा फेटाळला जाई. मानकापूरच्या केंद्रात शोध घेतल्यावर कळलं की त्याचं आधार २०११ मध्येच जबलपूरला निघालं होतं. २०२१ मध्ये, जवळपास दहा वर्षांनी, तो आईवडिलांना भेटला. गोष्ट खरी आहे, आणि वाचताना डोळे भरून येतात. पण तो मुलगा जिवंत होता. नवीन नोंदणी करताना दहा बोटं आणि दोन्ही डोळे आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडले जातात, म्हणून तो सापडला. मृतदेहाच्या बोटांच्या ठशांवरून अख्ख्या साठ्यात शोध घेणं शक्य नाही, असं आधार प्राधिकरणानं २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं आहे. आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे आधारसाठी घेतलेच जात नाहीत. जोसेफच्या वयाचं मूल आज आपल्याकडे सापडलं तर मशीनवर बोट ठेवून काहीही निघणार नाही.

‘तीन दिवसांत जाळतात, पुरावा नष्ट.’ यात अर्धं खरं आहे. कुणीच आलं नाही तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या शवागारातून काही दिवसांनी बेवारस म्हणून अंत्यविधी होतो. पण त्याआधी ठाण्यात मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल होतो, पंचांसमोर पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, आणि घातपात दिसला तर खुनाचा गुन्हा नोंदवला जातो. आरोपी मिळाला नाही आणि ‘अ समरी’ झाली, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही म्हणून फाईल बंद झाली, तरी नवा पुरावा आल्यावर तपास पुन्हा उघडतो. खुनाला मुदतीची अट नाही.

मेसेजचा जो एक मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, तो इथेच आहे. जोसेफला पुरलं होतं म्हणून तो दोनदा उकरता आला. जाळलेल्या देहातून चाळीस वर्षांनी काय काढणार? म्हणून अनोळखी मुलाचा अंत्यविधी होण्याआधी दात, हाड, रक्त यांचे नमुने आणि दातांचे एक्स-रे जपून ठेवलेच पाहिजेत. लहान मुलाचे दात मोठ्या माणसापेक्षा खूप जास्त सांगतात: दुधाचे कोणते उरले, सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली कायमची दाढ फुटली की नाही, यावरून वय बरंच नेमकं कळतं. वय नेमकं असेल तर हजारो तक्रारींतून थोड्या बाजूला काढता येतात. आरडाओरड करायचीच असेल तर यासाठी करू.

‘तक्रार नाही म्हणजे आईबापच खुनी’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मूल हरवलं तर परक्या राज्यात ठाण्याची पायरी चढायला ते घाबरतात. कधी मुलासोबत आईलाही मारलेलं असतं. फिलाडेल्फियात शवचिकित्सा कार्यालयाचे तपासनीस रेमिंग्टन ब्रिस्टो १९९३ मध्ये वारले तोवर एका पालनगृहाचा संशय धरून बसले होते, आयुष्यभर खपले, तरी तो सिद्ध झाला नाही. आणि नुसत्या संशयावर जमाव उठला की काय होतं ते १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात दिसलं. मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातली पाच निरपराध माणसं ठेचून मारली गेली.

मेसेजच्या शेवटी ‘फोटो जास्तीत जास्त शेअर करा’ असं आहे आणि खाली एका जखमी मुलाचा चेहरा. ना ठाण्याचं नाव, ना तारीख. असा फोटो पाहून एखाद्या आईनं लेकराला ओळखलं तरी तिनं फोन कुणाला करायचा? पुढे पाठवायचंच असेल तर पोलिसांची शोधपत्रिका पाठवा, जिच्यावर ठाण्याचा नंबर, मर्ग क्रमांक, कपड्यांचं आणि अंगावरच्या खुणांचं वर्णन असतं. आणि तुमच्या आसपासचं एखादं मूल अचानक दिसेनासं झालं, घरचे उत्तर टाळत असतील, तर ग्रुपवर टाकण्याआधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.