टीव्ही मोठा की घर मोठं? ‘खेड्यातल्यांना कमी पुरतं’ या आक्षेपाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

गावातल्या घरासाठी टीव्ही कोणता घ्यावा यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचं म्हणणं असं: दोन-तीन हजारांच्या फरकात फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेला पडदा) मिळत असताना ४३ इंची फुल एचडी सुचवणं म्हणजे जुना माल गळ्यात मारणं. ‘पोरांच्या गेमला कोणताही टीव्ही चालतो’ हे माझं वाक्य साफ चूक. आणि तुम्ही स्वतः पुण्यात ५५ इंचावर बघता, येत्या दिवाळीला गावी आईबाबांना तेवढाच पाठवणार आहात. ‘खेड्यातल्या माणसाला कमी पुरतं’ ही वृत्ती तुम्हाला सहन होत नाही.

गेमच्या मुद्द्यावर तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. ते वाक्य मी लिहायला नको होतं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे मी इतकी वर्षं डिश बसवतो, टीव्ही दुरुस्त करतो; पण गेम खेळणाऱ्या पोराच्या शेजारी बसून कधी बघितलं नव्हतं. तुमची प्रतिक्रिया आली त्याच आठवड्यात भाचा अकोल्याहून आला. सोबत जुना घेतलेला पीएस-फोर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन. माझ्याच टीव्हीला जोडला, क्रिकेट लावलं आणि पाच मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवला. म्हणाला, “मामा, बटन तं मी टायमावर दाबून रायलो, बॅट मांगून फिरून रायली.” मी आधी कंट्रोलरवर संशय घेतला, मग केबल बदलून पाहिली. शेवटी टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ लावला, आणि पुढच्याच ओव्हरमध्ये त्यानं दोन चौकार मारले.

कारण असं, की आलेलं चित्र टीव्ही तसंच्या तसं दाखवत नाही. आधी ते गुळगुळीत करतो, रंग चढवतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं तिसरं घुसवतो. मालिका बघणाऱ्याला त्याचा त्रास नाही. गेममध्ये मात्र बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा सहज निघून जातो. ताशी १४० किलोमीटरनं आलेला चेंडू तेवढ्या वेळात जवळपास चार मीटर पुढे सरकतो, म्हणजे अख्ख्या खेळपट्टीचा पाचवा भाग. गेम मोड ही सगळी सजावट बंद करतो. चांगल्या टीव्हीवर हा उशीर मग २० मिलिसेकंदांच्याही खाली येतो. काही स्वस्त टीव्हींमध्ये गेम मोड नसतोच, आणि काहींमध्ये नाव असतं पण फरक पडत नाही. तेव्हा ‘कोणताही चालतो’ हे चूक. घरात गेम खेळणारं पोर असेल तर दुकानातच रिमोट हातात घेऊन गेम मोड कुठे आहे ते दाखवायला सांगा. मोबाईलवरचा गेम टीव्हीवर खेळायचा असेल तर बिनवायरीचं कास्टिंग त्यासाठी नकोच, त्यातही उशीर होतो.

खोक्यावरचं ‘मोशन १२०’, ‘मोशन २००’ असलं काही वाचून गेमसाठी टीव्ही घेऊ नका. ते आकडे बहुतेक वेळा त्या मधल्या घुसवलेल्या चित्रांचे असतात, पॅनेल (टीव्हीचा मूळ पडदा) असतं सेकंदाला ६० चित्रं दाखवणारं, म्हणजे ६० हर्ट्‌झचंच. साध्या पीएस-फोरला ते पुरतं, कारण तो १०८० ओळींचं चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ६० वेळाच पाठवतो. पीएस-फाइव्हवर फोर-के १२० पाहिजे असेल तर पॅनेल खरंच १२० हर्ट्‌झचं लागतं आणि केबल जोडायचं एचडीएमआय पोर्ट २.१ जातीचं लागतं. तो खर्च निराळा, आणि गावात तो करणाऱ्याला मी कधीही नाही म्हणणार नाही.

आता फोर-के. इथे अर्धं तुमचं खरं. मी तो लेख लिहिला तेव्हा ३२ इंचावरच्या टीव्हीला २८ टक्के जीएसटी होता, ३२ आणि त्याखालच्यांना १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्हीही १८ वर आले, त्यामुळे त्या लेखातला माझा किमतीचा हिशोब जुना झाला. शिवाय ४३ इंचात कंपन्या आपलं बरं पॅनेल आणि बरा प्रोसेसर (चित्र सुधारणारी चिप) आता फोर-के मॉडेलमध्येच घालतात. फुल एचडीत निवडायला फारसं उरलेलं नाही. म्हणून ४३ घेणाऱ्याला आज मीही फोर-केच सांगेन. फक्त खोक्यावर ‘फोर-के सपोर्ट’ लिहिलंय की पॅनेलच फोर-के आहे, ते बघून घ्या. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका टीव्हीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोर-के’ होतं आणि आत पॅनेल होतं १३६६ बाय ७६८ चं. कापूस विकून आलेल्या पैशातून घेतलेला टीव्ही होता तो. ते खोकं मी अजून ठेवलंय, दुकानात येणाऱ्यांना दाखवायला.

पण ५५ इंचाचं ऐकून मला लिहावंसं वाटलं, कारण तो तुमच्या आईबाबांच्या खोलीत लागणार आहे.

गावात टीव्हीला येतं काय, ते आधी बघा. माझ्या भागात निम्म्याहून जास्त घरांत फ्री डिश आहे. महिन्याचे पैसे नाहीत, एकदा छत्री लावली की झालं. त्यावरचे बहुतेक चॅनेल एसडी, म्हणजे ७२० बाय ५७६. चार लाखांच्या आसपास ठिपके. फोर-केच्या पडद्यावर ठिपके ८३ लाख. म्हणजे आलेल्या एका ठिपक्यापासून टीव्हीला वीस ठिपके बनवायचे आहेत. बरा प्रोसेसर ते नीट करतो, पण नसलेलं चित्र तोही आणू शकत नाही. आणि पडदा जितका मोठा, तितकी ती खोट उघडी पडते.

धडधाकट डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. त्यावरून मी हिशोब करून पाहिला. एसडी चित्राचे ठिपके डोळ्याला दिसेनासे व्हायला ३२ इंचाच्या टीव्हीपासून साधारण ११ फूट लांब बसावं लागतं, ४३ पासून १५ फूट, आणि ५५ पासून १९ फूट. आपल्या गावच्या खोल्या दहा बाय बाराच्या. त्यात एका भिंतीला पलंग, एका भिंतीला कपाट. १९ फूट मागे सरकायचं तर आईला अंगणात बसावं लागेल. उलट फोर-केचा खरा फायदा जवळून बघणाऱ्याला: ४३ इंचावर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक साडेपाच फुटांच्या पलीकडून दिसत नाही, ५५ वर सात फुटांच्या पलीकडून. पुण्यात तुम्ही वायफायवर फोर-के बघता, तिथे ५५ सुंदरच दिसत असेल. ते चित्र गावी आणायचं तर १५ एमबीपीएसचा स्थिर वेग पाहिजे, आणि तासाला सात जीबीपर्यंत डेटा जातो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर हॉटस्पॉट लावणाऱ्या घरात पंधराएक मिनिटांत दिवसाचा डेटा संपला. तुमच्या गावात फायबर आलं असेल तर मात्र हा सगळा परिच्छेद सोडून द्या आणि खुशाल ५५ घ्या.

याहून मोठी गोष्ट मला एका आजीनं शिकवली, आणि ती मागच्या लेखात घालायची राहिली. रोहण्याकडच्या एका घरी नवा ४३ इंची बसवायला गेलो होतो. घरच्यांनी सांगितलं, दरवाजाच्या वर लावा, पोरांचा हात नको पुरायला. लावला. समोर पलंगावर बसलेला नातू खूश. आजी मात्र दाराजवळ खाली, भिंतीला टेकून बसलेली, दोन पायांत तुरीच्या शेंगांचं टोपलं. मला म्हणाली, “बापू, याच्यातली माणसं पांढरीफटक काऊन दिसून रायली? जुन्यात तं बरी दिसे.” नातू म्हणाला, तिला मोतीबिंदू आहे. मी जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. पडद्यावरच्या बाईची साडी नातवाला पलंगावरून लाल दिसत होती. मला खालून, कडेनं, ती धुऊन धुऊन विटलेल्या गुलाबी रंगाची दिसली. आजीचे डोळे ठीक होते. टीव्ही काढला, तीन फूट खाली घेतला, भिंत बदलली, आणि साडी आजीलाही लाल दिसली.

हे पॅनेलच्या जातीवर असतं. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग खोल येतो, अंधाऱ्या खोलीत सिनेमा झकास दिसतो, पण कडेनं किंवा खालून बघितलं की रंग उडतात. आयपीएसमध्ये काळा थोडा राखाडी दिसतो, पण कुठूनही बसा, रंग फारसा हलत नाही. शहरात सोफा टीव्हीसमोर असतो. आपल्याकडे एक जण पलंगावर, दोघं खाली, कोणी चुलीजवळून मान काढून, शेजारची पोरं दारात. अशा घराला मी आयपीएस सांगतो. दुकानदाराला पॅनेलचं नाव ठाऊक नसेल तर टीव्हीवर माणसाचा चेहरा येऊ द्या आणि तिथेच उकिडवं बसून, मग अगदी कडेला सरकून बघा. लाजू नका. आपल्या घरची म्हातारी माणसं तिथूनच बघणार आहेत.

आणि कूलर. तुम्हाला आठवत असेल, एप्रिल ते जून आपल्याकडे खिडकीतला कूलर दिवसरात्र घरघरतो. नव्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. मे महिन्यात मी ज्या घरात जातो तिथे आवाज ऐंशीवर आणि तरी कोणाला संवाद कळत नाही. ५५ ऐवजी ४३ घेऊन उरलेल्या पैशांतून एआरसीवर (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून बाहेर नेणारी सोय) चालणारा छोटा साउंडबार घेतला तर तुमच्या बाबांना बातम्या ऐकू येतील. ब्लूटूथचा स्पीकर गेमसाठी घेऊ नका, आवाज मागे पडतो. कूलरची ओली हवा थेट टीव्हीवर येणार नाही अशी भिंत निवडा, आणि टिनाच्या छपराखाली टीव्ही अगदी वरती नको, तिथली गरमी खालच्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

विजेचंही बोलायला हवं. कमी व्होल्टेजची भीती आता फारशी उरली नाही, बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात. खरी भीती न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटण्याची. तेव्हा २३० च्या जागी घरात ३००–३५० व्होल्टही येऊ शकतात आणि एका क्षणात सगळं जातं. म्हणून व्होल्टेज वाढलं की लाईन कापणारा स्टॅबिलायझर घ्या, आणि अर्थिंग तपासून घ्या. रोहिणीच्या पहिल्या पावसात माझ्या स्वतःच्या घरी टीव्हीचा प्लग काढलेला होता, तरी एचडीएमआयचं पोर्ट जळालं. वीज छत्रीच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये उतरली आणि तिथून टीव्हीत. तेव्हापासून मी गिऱ्हाईकाला केबलही ओढून काढायला शिकवतो. आईला एकदा करून दाखवा.

फ्री डिशचा बॉक्स जुना असेल तर त्याला फक्त पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना असतात. नव्या टीव्हीला त्या जोडायची सोय आहे ना, हेही आधी बघा. नाहीतर दिवाळीच्या दिवशी खोकं उघडून सगळे बसतील आणि चित्र येणार नाही.

भाऊ, ‘खेड्यातल्या माणसाला कमी पुरतं’ असं मी कधी मानलं नाही. मी गावातच राहतो, माझी आई इथलाच टीव्ही बघते. टीव्हीवर गेलेला पैसा वर्षाच्या कमाईतला मोठा तुकडा असतो आणि तो आठ-दहा वर्षं पुन्हा निघत नाही, हे मी घरोघर बघतो. म्हणून आकड्यासाठी कोणी तो घालवू नये, असा माझा जीव तुटतो. तुम्ही आईबाबांसाठी चांगलंच बघताय, त्याबद्दल मला शंका नाही.

ऑर्डर द्यायच्या आधी एवढं करा. घरी फोन लावून आई टीव्ही बघताना नेमकी कुठे बसते ते विचारा, पलंगावर की खाली, आणि तिथून भिंत किती फूट ते धाकट्याकडून मोजून घ्या. कूलर कोणत्या खिडकीत आहे आणि घरी फ्री डिश आहे की केबल, तेही विचारा. ते आकडे इथेच खाली लिहा. मी त्याच दिवशी उत्तर देतो, आणि ५५ बसत असेल तर ५५ च सांगतो.