इंजिनाआधी टॉप बघा

भाऊ, कन्व्हर्टिबल म्हणजे छप्पर (टॉप) उघडणाऱ्या गाड्यांवरच्या लेखात २००९ नंतरची सेकंड हँड बीएमडब्ल्यू झेड-फोर सुचवलीय. गाडी देखणीच, पण २०१६ पर्यंतच्या मॉडेलचं घडीचं कडक छप्पर हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालतं. ते अडकलं तर जळगाव-धुळ्यात हात लावणारा मिळणं कठीण. त्यापेक्षा गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म शोधा. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनोचं छोटं इंजिन. फायबरचं काम करणारे आपल्याकडेही सापडतात.

कुठलीही कन्व्हर्टिबल घेताना कार्पेट उचलून ओल आहे का ते बघाच. टॉपच्या कडेने पाणी जायची भोकं आपल्या धुळीने बुजतात, मग पहिल्याच पावसात पाणी थेट आत. मे महिन्यात दुपारी टॉप उघडायचं नाव नको. पण हिवाळ्यात सकाळी तोरणमाळचा घाट चढून बघा, छोटं इंजिनही भरपूर वाटतं!