आजारी पडावे, पण हिशेबाने

वाचकहो, आपला देश जगातल्या पहिल्या पाच अर्थव्यवस्थांत गणला जाऊ लागला असल्याने आजारी पडण्याच्या जुन्या गबाळ्या सवयी आता सोडायला हव्यात. यापुढे पडायचेच झाले, तर किरकोळ आजारी पडू नये. आयुष्मान भारत योजनेचे वर्षाला पाच लाखांचे छत्र उघडते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्यांसारख्या चिल्लर गोष्टींत ती लक्ष घालत नाही. (त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, हे खरे, संपलेल्या नसल्या म्हणजे झाले.) तेव्हा रक्तदाबाची गोळी परवडत नसेल, तर धीर धरावा. पक्षाघातापर्यंत मजल गेली की आपण योजनेत बसतो.

सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ठरले होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे करोनाने सगळ्यांना हिसका दाखवल्यानंतरही, तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. याला लूट म्हणणारे कोत्या मनाचे आहेत; हा लोकसहभाग आहे. पैशाअभावी कुणीही उपचाराला मुकू नये, असे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवले होते, पण तेव्हा आपण गरीब होतो आणि गरिबाला भलतीच स्वप्ने पडतात.

याहून काटेकोर नियोजन शिकायचे, तर बीड जिल्ह्यात जावे. तिथून ऊसतोडीला निघणारे जोडपे म्हणजे मजुरीच्या हिशेबात एक कोयता; मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामाआधीच घेऊन खर्च झालेली, आणि एक दिवस फडावर गेले नाही की खाडा, म्हणजे मजुरी बुडते ती बुडते, वर दंड. पाळीच्या दुखण्यालाही खाडा माफ नसतो. आता ज्या अवयवामुळे कामाचा दिवस बुडतो तो अवयवच ठेवला नाही, तर प्रश्न मुळापासून सुटतो, हे कुठल्याही हिशेबी माणसाला पटेल. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींनी शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी त्या पुन्हा फडावर गेल्या. उत्पादकता म्हणतात ती हीच.

आपण शहरातले वाचक असाल, तर एवढे कष्ट नकोत. त्या उसाच्या साखरेचा चहा मात्र बेताने घ्यावा. मधुमेहाच्या गोळ्या, वर सांगितल्याप्रमाणे, योजनेत बसत नाहीत.