रीमानचं गृहीतक सुटलं म्हणून बँकेचं कुलूप तुटत नाही

रीमानचं गृहीतक, म्हणजे मूळ संख्या कशा विखुरलेल्या असतात याबद्दलचं अजून सिद्ध न झालेलं विधान, १८५९ सालचं. २००० साली क्ले या गणित संस्थेने त्यावर १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं. "हे सुटलं की इंटरनेट बँकिंग त्याच दिवशी उघडं पडेल" हे वाक्य अजूनही पोस्टींमधून फिरत असतं. ते चूक आहे. का चूक आहे ते कळायला कुलपाची चावी कशी बनते हे पाहावं लागतं, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही.

आरएसए या प्रचलित कुलूप-पद्धतीच्या २०४८ बिटांच्या चावीला १०२४ बिटांच्या दोन मूळ संख्या लागतात. प्रत्येकी ३०८-३०९ अंकी. त्यांचा गुणाकार जगजाहीर असतो, त्या दोन संख्या मात्र गुप्त. संगणक कसलाही क्रम नसलेले बिट घेतो, शेवटचा बिट १ करतो म्हणजे संख्या विषम होते, मग ३, ५, ७, ११ अशा लहान मूळ संख्यांनी भाग जातो का बघतो. त्यातून तरलेल्या संख्येला मिलर-राबिन चाचणी लावतो. नापास झाली की पुढची घेतो. एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये साधारण ७१० मागे एक मूळ असते, सम संख्या आधीच बाजूला काढल्या तर ३५५ मागे एक. हा हिशेब ज्या प्रमेयातून येतो ते १८९६ मध्येच सिद्ध झालं आहे. प्रत्यक्षातली गणती या अंदाजापासून किती भरकटू शकते, याची घट्ट मर्यादा रीमानचं गृहीतक सांगतं. गणितासाठी ती फार मोठी गोष्ट आहे, पण चावी बनवणाऱ्या प्रोग्रामचं तिच्यावाचून काही अडत नाही.

आता चाचणी. ९१ घ्या. ती मूळ असती तर २ च्या ९० व्या घाताला ९१ ने भागल्यावर बाकी १ उरली असती. उरते ६४. म्हणजे ९१ मूळ नाही. ती ७ × १३ आहे हे आपल्याला कळलं नाही आणि कळायची गरजही पडली नाही. सगळा गोंधळ इथेच होतो. संख्या मूळ आहे का हे ओळखणं एक काम, तिचे अवयव पाडणं वेगळं काम. पहिलं आज क्षणात होतं. दुसऱ्याचं म्हणाल तर २०२० च्या फेब्रुवारीत २५० अंकी आरएसए संख्येचे (८२९ बिट) अवयव पाडले गेले, आणि त्याला एकाच प्रोसेसर-कोअरवर सुमारे २७०० वर्षं चाललं असतं एवढं गणन लागलं. कुलूप या दुसऱ्या कामाच्या अवघडपणावर उभं आहे.

वर वापरलेली फर्माची साधी चाचणी एकटी पुरत नाही. ३४१ म्हणजे ११ × ३१, तरी २ हा पाया घेतला (म्हणजे २ चा घात करून पाहिला) तर ती पास होते. ५६१ तर ३, ११ किंवा १७ ने भाग न जाणारा कुठलाही पाया घ्या, पासच होते. मिलरने १९७६ मध्ये चाचणी कडक केली आणि दाखवलं की रीमानचं विस्तारित गृहीतक (मूळ गृहीतकाचं अधिक व्यापक रूप) खरं मानलं, तर ठरावीक मर्यादेपर्यंतचे सगळे पाये तपासले की उत्तर शंभर टक्के पक्कं. राबिनने १९८० मध्ये ते गृहीतक काढूनच टाकलं. पाये चिठ्ठी टाकल्यासारखे निवडा. संयुक्त संख्या एका फेरीत फसवून निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त पाव. ४० फेऱ्यांनंतर ती शक्यता १ भागिले २ चा ८० वा घात, म्हणजे १ भागिले १ वर २४ शून्यं, इतकी उरते. त्यापेक्षा मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटण्याची शक्यता जास्त.

आणि हा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विस्तारित गृहीतक उद्या सिद्ध झालं आणि आपण मिलरची पक्की चाचणी वापरायची ठरवली, तर पायांची मर्यादा आहे संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमच्या वर्गाची दुप्पट. १०२४ बिटांच्या संख्येचा लॉगॅरिदम ७१०. वर्ग सुमारे ५ लाख, दुप्पट १० लाख. म्हणजे आजच्या ४० फेऱ्यांच्या जागी १० लाख फेऱ्या. कोणीही तसं करणार नाही.

असं प्रत्यक्षात एकदा घडूनही गेलं आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी कुठलंही गृहीतक न मानता, चिठ्ठी न टाकता, बहुपदी वेळेत (म्हणजे लागणारा वेळ बिटांच्या संख्येच्या एखाद्या ठरावीक घाताच्या पटीतच वाढेल अशी) मूळ संख्या ओळखण्याची रीत दिली. कित्येक दशकं उघडा असलेला प्रश्न नऊ पानांत सुटला. २००६ मध्ये त्यासाठी त्यांना गोडेल पारितोषिक मिळालं. कुलपं बनवणाऱ्यांनी मात्र आपला कोड बदलला नाही, आणि ते बरोबरच होतं. पुढे लेन्स्ट्रा आणि पोमरन्स यांनी सुधारलेल्या आवृत्तीतही बिटांच्या संख्येचा सहावा घात येतो. १०२४ चा सहावा घात म्हणजे २ चा ६० वा घात. मिलर-राबिनची एक फेरी साध्या गुणाकारानेही २ च्या ३० व्या घाताच्या आसपास. ४० फेऱ्या धरल्या तरी फरक कोटीपटीच्या वर. ज्यांना कानपूरचा निकाल "निरुपयोगी" वाटतो त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. नशिबाच्या आधाराने सुटणारं गणित नशिबाशिवायही सुटतं का, हा संगणनशास्त्रातला मूलभूत प्रश्न आहे आणि त्याचं एक लखलखीत उत्तर त्यांनी दिलं. फक्त ते उत्तर कुलपाच्या प्रश्नाचं नव्हतं.

खरी कुलपं तुटली ती साध्या चुकांनी. डेबियन लिनक्समधल्या एका दुरुस्तीत दोन ओळी गेल्या आणि चाव्यांची अनिश्चितता प्रक्रिया-क्रमांकापुरती (चालू प्रोग्रामला संगणक देतो तो क्रमांक), म्हणजे एकेका प्रकारच्या यंत्रावर ३२,७६८ शक्यतांपुरती उरली. २००८ मध्ये ते उघडकीस आलं. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो चाव्या गोळा केल्या आणि त्यांचे जोडीजोडीने मसावि काढले. राउटरसारखी यंत्रं पहिल्यांदा सुरू होताना त्यांच्याकडे पुरेशी यादृच्छिकता नसते, म्हणून दोन यंत्रांच्या चाव्यांत एक मूळ संख्या तीच पडते. अशा दोन चाव्यांचा मसावि काढला की दोन्ही उघड्या. मसावि, आपण शाळेत काढायचो तोच! २०१७ मध्ये एका चिपमधला प्रोग्राम मूळ संख्या लवकर सापडाव्यात म्हणून त्या ठरावीक साच्यातून काढत होता असं निघालं, आणि एस्टोनियाला साडेसात लाखांहून अधिक ओळखपत्रांची प्रमाणपत्रं थांबवावी लागली.

मग सुटलेल्या प्रश्नाने जग बदलतच नाही का? बदलतं. पण बहुतेकदा सुटण्याच्या दिवशी नाही. याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण लिनियर प्रोग्रामिंगचं आहे. कुठल्या गोदामातून कुठे किती माल पाठवायचा, कुठल्या विमानावर कुठले कर्मचारी, असे प्रश्न. डँट्झिगची १९४७ ची सिम्प्लेक्स रीत शक्य उत्तरांच्या बहुतलकाच्या, म्हणजे सपाट बाजूंच्या आकाराच्या, कोपऱ्यांवरून चालते. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असा वाकडा घन दाखवला की ३० चलांना ही रीत १०७ कोटी कोपरे फिरत बसते. खाचियान यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलं की हा प्रश्न बहुपदी वेळेत सुटतो. न्यूयॉर्क टाइम्सने ७ नोव्हेंबरला पहिल्या पानावर बातमी दिली आणि तिचा संबंध फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नाशीही (सगळी गावं फिरून परतण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता) जोडला, जो चूक होता. खाचियान यांच्या रीतीत लंबगोलाकृती आकार टप्प्याटप्प्याने आकसत जातो. १००० चलांना एका टप्प्यात घनफळ हमखास घटतं ते जेमतेम ०.०५ टक्के. सिम्प्लेक्सला वाईट दिवस क्वचित येतो, या रीतीचा जवळपास रोजच तसा.

ग्वाल्हेरात जन्मलेल्या, आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तिसरी वाट काढली: कोपऱ्यांवरून न जाता बहुतलकाच्या पोटातून. सुटलेला प्रश्न त्यांनी पुन्हा सोडवला, पण वेळेच्या हिशेबातला चलांच्या संख्येचा घात ६ वरून ३.५ वर आणला. १००० चलांना तेवढ्यानेच तीन कोटी पटींचा फरक पडतो. मुख्य म्हणजे यातून निघालेल्या रीती प्रत्यक्षातही धावतात. आज लाखो चलांचा प्रश्न बहुधा २० ते १०० फेऱ्यांत सुटतो, मात्र प्रत्येक फेरीत एक प्रचंड समीकरणसंच सोडवावा लागतो.

सिम्प्लेक्स तरीही गेली नाही. एखादी अट बदलली की ती आधीच्या कोपऱ्यावरून चार पावलांत नव्या उत्तराला पोचते. पोटातून जाणाऱ्या रीतीला बहुतेकदा नव्याने निघावं लागतं, आणि शेवटी कोपरा गाठायला वेगळी पायरी लागते. म्हणून आजचे मोठे सॉल्व्हर (असे प्रश्न सोडवणारे प्रोग्राम) दोन्ही रीती वेगवेगळ्या कोअरवर एकदम सोडतात आणि जी आधी पोचेल तिचं उत्तर घेतात.