शर्टावरचा बोकड आणि आमचा देवचार

आज संध्याकाळी खालच्या मजल्यावरची बाई दारात उभी. हातात काळा टी-शर्ट, नीट घडी घातलेला, वर बोकडाचं मुंडकं. "ताई, हा जाळून टाकू का?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मुलगा बारावीत, मेटल म्हणजे ते कर्कश रॉक संगीत ऐकतो. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा लिफ्टमधला फोटो टाकला होता: 'हा सैतानाची पूजा करतो, आपली मुलं लांब ठेवा.' अकरा जणांनी खाली हात जोडले. अकरा!

तेव्हापासून मला आजोबांचा दगड आठवतोय. सावंतवाडीकडचं आमचं गाव, शेताच्या कडेला जुन्या आंब्याखाली देवचाराचा दगड. आमचा राखणदार. आजोबा तिथे रोट ठेवायचे, शेजारी एक विडी. तो रात्री काठी घेऊन शिवारात फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, असं सांगायचे. शेजारच्या ख्रिस्ती मावशी मात्र तिथून जाताना छातीवर खुरीस (क्रूसाची खूण) काढून झपाझप चालायच्या. चर्चच्या कोकणीत देवचार म्हणजेच सैतान. दोन घरांत एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि एका बाजूचा राखणदार दुसऱ्या बाजूला सैतान.

सैतान या शब्दाचं पहिल्यापासून हेच झालंय. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आडवा येणारा, आरोप ठेवणारा. बायबलमध्ये बलाम नावाच्या माणसाची वाट अडवून उभा राहतो तो देवाचाच दूत, आणि त्यालाही हाच शब्द. बायबलमधल्याच ईयोबाच्या गोष्टीत तर सैतान देवाच्या दरबारात हजर असतो, फिर्यादी वकिलासारखा. नरकाचा राजा तो फार नंतर झाला. आणि मग ज्याचा काटा काढायचा त्याच्यावर ते नाव टाकायची सोय झाली. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलममध्ये सैतानाशी करार केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फासावर चढवलं. इराकमधले यझिदी मोराच्या रूपातल्या देवदूताला मानतात. त्यांना शेकडो वर्षं सैतानपूजक म्हटलं गेलं, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजारला आयसिसने त्यांचे पुरुष मारले, बायका विकल्या. हे नाव लागलं की माणसाचं काहीही करता येतं!

स्वतःहून स्वतःला सैतानवादी म्हणवणारे पंथ खरं तर कालपरवाचे. अँटन लावेने १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'चर्च ऑफ सेटन' काढलं. त्याचा सैतानाच्या अस्तित्वावर विश्वासच नव्हता. त्याच्या लेखी सैतान म्हणजे माणसाच्या अहंकाराचं, देहसुखाचं प्रतीक. २०१३ मधलं 'सॅटॅनिक टेंपल' तर धर्म आणि सरकार वेगळे ठेवा म्हणून भांडतं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या विधानभवनाच्या आवारात बायबलमधल्या दहा आज्ञांची शिळा बसली, तेव्हा यांनी सैतानाचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या बोकडतोंड्या बाफोमेटचा पुतळाही तिथेच बसवा म्हणून अर्ज केला. मला लावेचा तो 'मी आणि माझं सुख' प्रकार पटत नाही. सैतानाचं नाव घेऊन खून करणारे विकृत लोकही झालेत, मान्य.

पण म्हणून बारावीतल्या पोराचा फोटो? अमेरिकेतल्या अर्कान्सासमध्ये १९९३ साली तीन लहान मुलांचे खून झाले. काळे कपडे घालणारी, मेटल ऐकणारी तीन पोरं पकडली, सैतानी विधी झाला म्हणून खटला चालवला. एकाला मृत्युदंडाची शिक्षा सुनावली, दोघांना जन्मठेप. ठोस पुरावा नसताना १८ वर्षं आत होती. २०११ मध्ये सुटली तेव्हा तिशी उलटली होती. शर्टावरून माणूस ओळखणाऱ्या अकरा जणांनी हे वाचावं.

जरा जास्तच चिडून लिहितेय. त्या मावशींवर मला कधी राग धरता आला नाही, हेही सांगते. त्यांचा मुलगा बोटीवर होता. एका पावसाळ्यात महिनाभर त्याची खबर नाही. एका तिन्हीसांजेला त्या गडग्यापाशी आल्या आणि खाली मान घालून आजोबांना म्हणाल्या, "तुमच्या देवचाराक सांगा, माझ्या झिलाक सांभाळ." आजोबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी दगडावर दोन विड्या ठेवल्या.

शर्ट जाळायचा नाही, असं मी तिला सांगितलंय. चहा घेऊन ती आत्ता खाली गेली. पोरगा दुपारपासून जेवलेला नाही.

फोटो अजून ग्रुपवर आहे. ज्याने टाकला तो माझ्या मित्रयादीत आहे, हे वाचतोय. आज रात्रीच काढ, आणि खाली जाऊन त्या पोराशी बोल.